कंप, कंसात हात

घड्याळजींच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेवर सतरा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहणार होत्या आणि त्यामुळे शेजाऱ्यांना कसलाही त्रास होणार नव्हता. तसं पत्रच आलं होतं. पहिल्या परिच्छेदात त्रास होणार नाही असं म्हटलं होतं, दुसऱ्यात झाल्यास तो कमीत कमी राहील असं, आणि तिसऱ्यात तो झाल्यावर कोणत्या कार्यालयात, किती वाजता यायचं ते दिलं होतं. संकुलाचं नाव होतं ‘निवांत’. पत्राखाली ध्वनी व कंप शमन अधिकाऱ्यांची सही होती. ती इतक्या हलक्या हातानं केलेली होती की शेवटची दोन अक्षरं कागदावर उमटलीच नव्हती.

घड्याळजी खूश झाले. माणूस सरळ, लेखी मिळालं की खरं मानणारा.

“बघ, आधी कळवतात तरी,” ते बायकोला म्हणाले.

“दात उपटणाराही आधी कळवतो,” बायको म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

घड्याळजींचा धंदा घरातच. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर डोळ्याला लावायचं भिंग, सात प्रकारचे चिमटे आणि उघडलेल्या घड्याळांवर पालथे घातलेले काचेचे वाडगे. सदतीस वर्षं हेच. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती, कारण त्यांचा हात हीच पाटी होती. चिमट्यात धरलेला स्क्रू गिऱ्हाइकाला दिसायचा नाही, पण हात असा थांबलेला असायचा की बघणाराही श्वास धरायचा. परिसरात कुणाला कुणाची स्तुती करायची असली तर ‘घड्याळजींचा हात’ एवढंच म्हणत.

त्या दिवसांत टेबलावर मास्तरीणबाईंचं घड्याळ होतं. म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. नवरा गेला आणि आठवड्यानं घड्याळही बंद पडलं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई सहसा कुणापुढे शब्द टाकायच्या नाहीत. पण त्या दिवशी रुमालाची पुरचुंडी सोडून त्या म्हणाल्या, “उशाशी टिकटिक ऐकायची सवय आहे हो. बाकी काही नको. झोप लागत नाही.”

“चालू करून देतो,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी घड्याळ उघडलं, ब्याण्णव भाग सुटे करून वाडग्यांखाली मांडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता समोर पायलिंग, म्हणजे जमिनीत खांब ठोकणं, सुरू झालं.

एक, दोन, तीन, धप्प.

पहिल्या धप्पला ब्याण्णव भाग वाडग्यांखाली एकदम उठले आणि बसले. दुसऱ्या धप्पला कपाटातल्या कपबश्या बोलायला लागल्या. दर चार मोजेपर्यंत एक घाव, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. घड्याळजींनी पंधरा दिवस वाट पाहिली. या काळात त्यांनी एकच स्क्रू बसवला, आणि तो दुसऱ्याच घड्याळात गेला. मग त्यांनी ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि कार्यालय गाठलं.

शमनसाहेबांच्या खोलीत जाड गालिचा होता. साहेब रबरी तळव्याचे बूट घालत आणि कुजबुजत बोलत. पदाला साजेसं म्हणून त्यांनी ती सवय लावून घेतली होती, आणि त्यामुळे त्यांनी दिलेलं कुठलंही आश्वासन आजवर कुणालाच नीट ऐकू आलं नव्हतं.

“आवाजासाठी खिडकी क्रमांक तीन,” साहेब कुजबुजले. “कंपासाठी अकरा.”

“काय म्हणालात?”

साहेबांनी कागदावर लिहून दिलं.

आवाजाचं काम झटपट झालं, हे मान्य करायला हवं. तिसऱ्याच दिवशी मोजणीदार यंत्र घेऊन आला, दिवसभर खिडकीशी बसला आणि संध्याकाळी मान हलवत म्हणाला, “काका, नियम असा आहे की बांधकामाचा आवाज परिसराच्या मूळ आवाजापेक्षा दहा डेसिबलनं जास्त चालतो. तुमचा चाळीसनं जास्त आहे.”

“बघा! म्हणजे आवाज फार आहे.”

“आवाज ठीक आहे. तुमचा मूळ आवाज फार कमी आहे. नुसती घड्याळांची टिकटिक. दोष तुमच्या शांततेत आहे.”

लगेच उपाययोजना झाली. घड्याळजींच्या खिडकीबाहेरच्या खांबावर एक कर्णा बसवण्यात आला, आणि त्यातून सकाळी आठ ते सहा समुद्राच्या लाटांचा आवाज मोठ्यानं लावण्यात आला. परिसराचा मूळ आवाज नियमाइतका वर आला, फरक दहाच्या आत बसला, ध्वनीचं शमन झालं. आता घड्याळजींना बायकोचं बोलणं ऐकू येईना. बायको म्हणाली की एवढा एकच फायदा त्यांना झाला आहे आणि तो तिला मंजूर नाही. हेही त्यांना ऐकू आलं नाही.

राहिला कंप. खिडकी क्रमांक अकरा वर्षानुवर्षं रिकामी असे, कारण जमीन हलल्याची तक्रार घेऊन कुणी येतच नसे. म्हणून काटकसरीच्या धोरणानुसार ती आरोग्य विभागाला वापरायला दिली होती. पाटी दोघांत एकच होती, आणि तिच्यावर नुसतं ‘कंप’ लिहिलं होतं. खिडकीमागच्या बाई स्वभावानं मायाळू होत्या. पुढे जे झालं त्यात त्यांच्या मायाळूपणाचा मोठा वाटा आहे.

“बसा काका. कधीपासून येतो कंप?”

“पंधरा दिवस झाले.”

“दिवसा की झोपेत?”

“सकाळी आठला सुरू होतो. एक ते दोन थांबतो.”

“म्हणजे जेवल्यावर बरं वाटतं,” बाईंनी लिहिलं.

“जेवायला जातात ना ते.”

“कोण?”

“यंत्रावरचे.”

बाईंनी ‘भास’ या रकान्याकडे पेन नेलं, मग दया येऊन मागं घेतलं. “रविवारी?”

“रविवारी अजिबात नसतो.”

“विश्रांतीनं उतरतो. घरात आणखी कुणाला आहे?”

“बायकोला आहे. कपाटाला आहे. भिंतीला तर सगळ्यात जास्त.”

बाईंनी घड्याळजींकडे फार प्रेमानं पाहिलं. “काळजी करू नका हं. आमच्या आत्यालाही होता. शेवटपर्यंत हिंडत्या-फिरत्या होत्या.”

अशी चौकशी सरकारी खिडकीवर आजवर कुणी केली नव्हती. घड्याळजींना भरून आलं. त्यांनी आभार मानले आणि न वाचता सही केली. सही नेहमीप्रमाणे छापल्यासारखी आली, पण सहीकडे कोण बघतो?

आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘विषय: आपला कंप (हात).’ आपली नोंद कंपग्रस्त अर्जदार म्हणून झाली असून ती सर्व संबंधितांना कळवण्यात आली आहे, असं त्यात होतं. कंसातला तो शब्द घड्याळजींनी भिंग लावून पुन्हा वाचला. सुताराला सांगावं की तुझा हात थरथरतो, तर तो हसून सोडून देईल. घड्याळजीला सांगणं म्हणजे गळ्यावर पाय देणं.

ते तसेच शमनसाहेबांकडे गेले. “साहेब, कंप जमिनीला आहे. हाताला नाही.”

“शक्य आहे,” साहेब कुजबुजले. “पण नोंद हाताची आहे. रद्द करायची तर हात स्थिर असल्याचा दाखला आणा. तपासणी याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर होते.”

पहिल्या मजल्याच्या बरोबर वर, तक्रारींची संख्या वाढल्यामुळे, तक्रार निवारणाचा नवा मजला बांधायला घेतला होता. तिथं दोन माणसं यंत्रानं जुनी फरशी फोडत होती. तपासणीच्या टेबलावर एक धातूचं कडं होतं आणि कड्याला न टेकवता त्यातून सळई न्यायची होती. टेकली तर घंटी वाजे. घड्याळजींनी बाह्या मागं सारल्या. घंटी वाजली.

“अहो, मी अजून हात लावला नाही!”

“हात न लावताच एवढा कंप,” तपासनीस म्हणाला आणि त्यानं ‘मध्यम ते तीव्र’ असं लिहिलं.

“टेबल हलतंय. जरा टेबल तपासा.”

“टेबल अर्जदार नाही.”

शेवटचा उपाय म्हणून घड्याळजींनी घरची प्रत्यक्ष मोजणी मागितली, आणि तोच मोजणीदार दुसरं यंत्र घेऊन आला. यंत्र टेबलावर ठेवताच त्याचा काटा थयथया नाचला. घड्याळजींना वाटलं, सुटलो.

“कंप आहे,” मोजणीदार म्हणाला.

“मी काय सांगत होतो!”

“आहे. पण यंत्र कुणाचा ते दाखवत नाही. त्यासाठी कागद बघावे लागतात.” त्यानं कागद बघितले. कागदोपत्री त्या घरात कंप असलेली एकच गोष्ट होती आणि ती यंत्राशेजारी खुर्चीवर बसली होती. अहवालात त्यानं लिहिलं: ‘मोजणीच्या वेळी अर्जदाराने टेबलावर हात टेकले होते. सबब कंपाचा उगम अर्जदार.’

“मी हात टेकले नव्हते हो!”

“सगळेच टेकतात काका,” मोजणीदार यंत्र पेटीत ठेवत म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

इथून पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. कंपाचा नोंदणीकृत उगम बांधकामापासून तीस मीटरच्या आत असला तर त्यापासून नव्या बांधकामाला संरक्षण देणं कार्यालयावर बंधनकारक होतं. निवांतच्या अभियंत्यानं तसं पत्र दिलं. काँक्रीट ओलं असताना समोर एक कंपग्रस्त गृहस्थ दिवसभर बसून असतात, असं त्यानं चिंतेनं कळवलं होतं. मग एका सकाळी चार माणसं आली, त्यांनी घड्याळजींच्या पुढच्या खोलीत ड्रिलनं आठ भोकं पाडली आणि त्यांच्या खुर्चीखाली चार बोटं जाडीची रबरी गादी ठोकून बसवली. हेतू हा की घड्याळजींचा कंप जमिनीत उतरून पायलिंगला त्रास देऊ नये. जाताना त्यांनी दारावर पाटी लावली: ‘सावकाश. पुढे कंपस्त्रोत.’

ही पाटी मात्र जायचं तिथं बरोबर जाऊन पोचली. वीस वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक फाटकातूनच म्हणालं, “नुसता सेल बदलायचा होता, राहू द्या, तुम्ही आराम करा.” दुसऱ्यानं तब्येतीची चौकशी करता करता आपलं घड्याळ वाडग्याखालून उचलून खिशात टाकलं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. सगळे फार हळुवार वागले, आणि घड्याळजींना तेच सहन होईना. एका दुपारी ते भिंग डोळ्याला लावून नुसतेच बसलेले बायकोला दिसले. भिंगाच्या आत पाणी होतं.

बायकोनं चपला घातल्या आणि ती थेट शमनसाहेबांच्या गालिच्यावर जाऊन उभी राहिली.

“एकतीस वर्षं हा माणूस माझ्या सुईत दोरा ओवून देतोय! एकदाही दोरा चुकला नाही! आणि तुम्ही त्याच्या बुडाखाली रबर ठोकता?”

“बाई, हळू,” साहेब कळवळून कुजबुजले. “आपला आवाज पंचाहत्तरवर गेलाय.”

“तरी ऐकू येत नाही ना तुम्हाला!”

साहेबांनी ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी कर्ण्यातल्या लाटा थोड्या मोठ्या करण्यात आल्या.

मास्तरीणबाई आल्या त्या शनिवारी. दारात थांबून त्यांनी पाटी वाचली. मग पर्समधून लाल पेन काढलं, ‘स्त्रोत’मधल्या पहिल्या त वर काट मारली, बाजूला ‘स्रोत’ असं लिहिलं आणि आत आल्या.

घड्याळजींनी त्यांच्यासाठी वाडग्यांखालचे भाग डबीत भरून ठेवले होते. “बाई, हे दुसरीकडे न्या. माझं नाव आता... तुम्ही वाचलं असेल.”

“वाचलं. तपासलंसुद्धा,” बाई म्हणाल्या. “ज्यांना स्रोत लिहिता येत नाही, त्यांचं कंपाच्या बाबतीत मी का ऐकू? घड्याळ इथंच राहील. सावकाश होऊ द्या. मलाही आता घर बदलायचंय, मुलानं नवीन घेतलंय.”

“कुठं?”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं आणि लगेच मांडीवरच्या पर्सकडे. “समोरच. सहावा मजला. मला विचारलं नाही हो कुणी. शांत जागा आहे म्हणून घेतलंय म्हणे.”

एक, दोन, तीन, धप्प.

बाई गेल्यावर घड्याळजींनी डबी उघडली, भाग पुन्हा मांडले आणि चिमटा हातात घेतला. जमीन थांबत नसेल तर आपण तिच्या वेळेनं चालायचं, असं त्यांनी ठरवलं. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काम करायचं, चारला हात केसभर वर उचलायचा, घाव जाऊ द्यायचा, पुन्हा टेकवायचा. पहिल्या महिन्यात एक भाग बसला. पुढच्या महिन्यात दोन. मग मोजावंही लागेना, हात आपोआप उठायचा. बायको सांगायची, जेवतानाही घास चौथ्याला थबकतो. दोघं हसायची.

तीन इमारतींचं पायलिंग दोन वर्षं चाललं. दोन वर्षांत घड्याळजींनी ब्याण्णवपैकी एक्क्याण्णव भाग जागच्या जागी बसवले. राहिली फक्त केसासारखी बारीक कमान. ती बसली की घड्याळाचा जीव परत येतो, पण तिला पुरतं एक मिनिट हात स्थिर लागतो. तिचं काम तीन मोजेपर्यंत उरकण्यासारखं नव्हतं. ती त्यांनी शांततेसाठी राखून ठेवली.

शांतता आली, पण टप्प्याटप्प्यानं. शेवटचा खांब ठोकून यंत्र गेलं. मग मजले चढले, रंग लागले, मधली आणखी दीड वर्षं समुद्राच्या लाटांखाली तेवढी कमान वाडग्यात पडून राहिली, कारण त्या काळात खडीचे ट्रक होते, करवती होत्या, लिफ्टची भोकं होती. शेवटी एका सोमवारी कर्णाही उतरवला. घड्याळजी सकाळी आठला टेबलाशी बसले. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक त्यांना इतक्या वर्षांनी ऐकू आली. त्यांनी भिंग लावलं, चिमट्यात कमान उचलली आणि खाली नेली.

एक, दोन, तीन, आणि हात उडाला.

घाव पडला नव्हता. समोर कुणीही काहीही ठोकत नव्हतं. घड्याळजींनी खिडकीबाहेर बघितलं, मग हाताकडे. पुन्हा कमान उचलली. एक, दोन, तीन. हात पुन्हा उडाला, घावाची वेळ झाली म्हणून, अगदी वेळेवर. दहा वेळा केलं. दहाही वेळा हात चुकला नाही.

“अहो, चहा गार होतोय,” बायको म्हणाली, आणि जवळ येऊन थांबली. तिनं चिमटा काढून ठेवला, त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. चौथ्याला तो तिच्या मुठीतही उसळला.

दुपारी शमनसाहेब स्वतः आले. काम पूर्ण झाल्यामुळे रबरी गादी सरकारजमा करायची होती. माणसं गादी उचकटत असताना साहेबांची नजर घड्याळजींच्या हाताकडे गेली. त्यांनी घड्याळात बघून चार वेळा मोजलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद पसरला.

“काका,” ते कुजबुजले, आणि या वेळी खोली इतकी शांत होती की प्रत्येक अक्षर ऐकू आलं, “नोंद बरोबरच होती की! तुम्ही उगाच एवढी वर्षं...”

फाईल त्याच दिवशी बंद झाली. ‘योग्य उपाययोजनेमुळे अर्जदाराच्या कंपाचा निवांत संकुलावर कोणताही विपरीत परिणाम झालेला नाही,’ असा शेरा तिच्यावर आहे. त्याबद्दल कार्यालयाला एक प्रशस्तिपत्रही मिळालं. ते खिडकी क्रमांक अकराच्या वर लावलं आहे आणि थोडं तिरकं आहे, कारण वरच्या मजल्याचं काम अजून चालू आहे.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. महिन्याभरापूर्वी त्या समोर राहायला गेल्या होत्या. सहाव्या मजल्यावरून खाली यायला त्यांना जेमतेम पाच मिनिटं लागली.

“काचा दुहेरी आहेत हो,” त्या म्हणाल्या. “काही म्हणजे काही ऐकू येत नाही. इतकं शांत, की डोळ्याला डोळा लागत नाही. झालं का घड्याळ?”

घड्याळजींनी हात टेबलाखाली घेतला. बाईंनी चाळीस वर्षं शाळेत काढली होती, टेबलाखाली गेलेला हात त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एक्क्याण्णव भागांचं ते घड्याळ त्यांनी रुमालात बांधलं, वाडग्यातली कमान कागदाच्या पुडीत घेतली, आणि दाराशी जाऊन वळल्या.

“वरून तुमची खिडकी अगदी स्पष्ट दिसते,” त्या म्हणाल्या. “रोज बघत होते. ऐकू काही येत नाही, एवढंच.”

तर मंडळी, तुम्ही हे कुठं बसून वाचताय ते मला ठाऊक नाही. नवं घर असेल, काचा जाड असतील, तर सुखानं वाचा. कधी उठलात तर खाली एखादी खिडकी दिसतेय का बघा. दिसेल. आणि तुमच्या शेजारच्या मोकळ्या जागेभोवती परवापासून पत्रे लागले असतील, तर हा कागद जरा दोन बोटांत धरून बघा. हलतोय? खिडकी क्रमांक अकरा, सकाळी दहा वाजता उघडते. बाई मायाळू आहेत. जाताना फक्त हात खिशात ठेवा.